रस्त्यालगतचे दोन एकर

"कायम म्हणजे नक्की किती वर्षं?"

हे विचारून दाखव, अशी पैज लिडियाच्या मैत्रिणींनी लावली होती. तिने ते थेट शेतजमीन जपणाऱ्या संस्थेकडून करार आणि नकाशा घेऊन आलेल्या बाईंनाच विचारलं.

"तुझ्या पणतवंडांचे केस पिकतील, तरी करार संपायचा नाही," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी तिथेच गोठ्यामागे उभा होतो. मी पेनसिल्व्हेनियातला एक जुना खतगाडा. लिडियाच्या पणजोबांनी मला आणलं तेव्हा माझी लाकडी पेटी लालचुटूक होती. मागचे दाते फिरले की शेणखत वावरभर उडायचं. लोक नाक दाबायचे, पण मका उंच झाला की पणजोबा माझ्या चाकावर थाप मारायचे. मी तेच कौतुक समजलो. आता नवा गाडा आलाय आणि माझ्यावर कोंबड्या बसतात.

एवढी वर्षं फिरल्यावर चाकांना माती कळते. रस्त्यालगतच्या वावरात ती सगळ्यात खोल, भुसभुशीत. पण इथली रीत अशी की मुलांना घरासाठी तिथलाच तुकडा द्यायचा. आजोबांनी लिडियाच्या काकाला दिला, आत्याला दिला. काकाने तो विकला. तिथे राहायला आलेली माणसं आता आमच्या वासाची तक्रार करतात.

संस्थेच्या करारात शेत घरचंच राहणार होतं. त्यावर घरं बांधायचा हक्क मात्र कायमचा सोडायचा होता. लिडियाचे बाबा, नेथन, सही करायला तयार होते, पण त्याच वावरातले दोन एकर लेकीसाठी वगळून.

"लग्नानंतर पोरगी काय मक्यात राहील?" ते म्हणाले.

"ती राहील, जावई पळेल," आई म्हणाली.

मित्रांनो, झिजलेली माती आम्ही खत घालून सावरतो. घराच्या पायाखाली गेलेल्या मातीपुढे माझं काही चालत नाही. तुमच्याकडे असेल ती जपा.

लिडिया माझ्या दांड्यावर बसून बराच वेळ नकाशा बघत होती. मग उठली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. माझ्या दोन एकरांची खूण नकाशातून खोडा, तेही करारात घ्या. तिथे मकाच राहू दे."

"आणि तू कुठे राहशील?" बाबांनी विचारलं.

"आजी-आजोबा मोठं घर तुम्हाला देऊन शेजारच्या छोट्या घरात गेलेच ना? वेळ आली की तुम्हीही तिकडे जा. मोठ्या घरात मी राहीन. हे शेत मीच कसणार आहे."