तीन भट्ट्यांची बेरीज

एकाच गल्लीत स्प्रिंगा बनवणारी तीन दुकानं आणि तिन्हींचे मालक सख्खी भावंडं: दादा, मधली ताई आणि धाकटा. एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला चपला न घालता धावतील, पण हजारी किती स्प्रिंगा तुटल्या हे विचारलं की तिघांनाही कमी ऐकू यायचं. गिऱ्हाईक तिघांचं एकच होतं ना.

यंदा दादाच्या स्प्रिंगा फार तुटत होत्या. पंपवाल्या कारखान्याने बजावलं होतं, पुढच्या खेपेत तुटल्या तर काम बंद. दोष तारेत की आपल्या भट्टीत, एवढंच दादाला कळायला हवं होतं. तार तिघं एकाच व्यापाऱ्याकडून घेत. सगळ्यांच्याच तुटत असतील तर तार खराब, एकट्याच्याच तर भट्टी. पण विचारायचं कसं आणि सांगायचं कोणी?

तोड काढली दादाच्या सुनेने. ती कारखान्यांच्या मोजमापांचा हिशेब करणाऱ्या कचेरीत होती आणि सासरच्या माणसांना ओळखून होती. तिने आपला कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवला. ताईने मनात एक मोठा आकडा धरायचा, त्यात आपल्या हजारी तुटलेल्या स्प्रिंगांचा आकडा मिळवून यंत्र दादाला द्यायचं. दादाने आपला मिळवायचा, मग धाकट्याने. शेवटी ताईने मनातला आकडा वजा केला की उरली तिघांची बेरीज. कोणाचे किती, कोणालाच कळणार नाही. हे धाकट्याने दोनदा विचारून पक्कं करून घेतलं.

शाळेत पाटी झाकावी तशी तिघांनी पाठ फिरवून बटणं दाबली. बेरीज आली एकशेवीस, म्हणजे सरासरी चाळीस. दादाचा चेहरा उजळला. त्याचेही चाळीसच होते, पण ते तो कशाला सांगतोय? तारवाल्याच्या नावाने बोटं मोडत त्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला फोन लावायला घेतला. भट्टी पेटतीच ठेवायची, नवी तार आली की खेप काढायची.

ताई चष्मा पुसू लागली. धाकटा छताकडे बघू लागला.

"दादा, फोन ठेव," ताई म्हणाली. "मी जरा जास्त घातले."

"जरा म्हणजे?"

"बरेच. तुझं भंगाराचं पिंप रोज भरलेलं दिसतं. म्हटलं, एकट्याचंच असं होतंय असं तुला वाटू नये."

धाकट्याने घसा साफ केला. "मीपण."

सुनेने कपाळाला हात लावला. "चोरी होऊ नये म्हणून मी कुलूप लावलं, आणि तुम्ही दोघं आत दान टाकून आलात!"

यंत्र पुन्हा फिरलं. या वेळी बेरीज आली पन्नास.

दादाने यंत्र बाजूला सारलं.

"माझे चाळीस," तो म्हणाला. "भट्टी विझवा."

धाकटा पळत जाऊन आपला तापमापक घेऊन आला. भट्टी विझायच्या आत लावून पाहिला, तर दादाच्या भट्टीचा काटा उष्णता चांगलीच कमी दाखवत होता, म्हणून भट्टी जास्त तापून स्प्रिंगा करपत होत्या आणि तुटत होत्या. नवा काटा बसला, पंपवाल्याने कुरकुरत मुदत वाढवली आणि ती खेप न तुटता पास झाली.

निरोप आला तेव्हा तिघं दादाच्याच दुकानात चहा घेत होती.

"उरलेल्या दहांत तुझे किती रे?" दादाने धाकट्याला सहज विचारलं.

"नियम म्हणजे नियम, दादा."

 ताईने टेबलावरच राहिलेल्या कॅल्क्युलेटरवरचा आकडा पुसला आणि यंत्र आपल्या पिशवीत टाकलं. यंत्र सुनेचं होतं, पण हे तिला सांगणार कोण?