बायच्या आयफोनासाठी धालो

‘मांडार आयले चांन्याचे पाय, उठ गे बाय, नाचूंक ये गे बाय…’

पौषातल्या रात्री धारगळच्या मांडावर बायका फेर धरायच्या आणि आई धालोची गाणी म्हणायची. तो आवाज घरापर्यंत यायचा आणि पाच वर्षांचा साईश तो ऐकत झोपी जायचा. आई गेली तेव्हा तिची सव्वीस गाणी त्याच्या फोनात उरली. त्यांचं त्यानं ॲप केलं, मोठ्या बहिणीसाठी. गौरवी लिस्बनला, हॉटेलच्या लाँड्रीत. साईशच्या अँड्रॉइडवर ॲप चतुर्थीतच बोलायला लागलं. गौरवीकडे मात्र आयफोन.

रोज संध्याकाळी सातला, तिकडच्या तिच्या जेवणाच्या सुट्टीत, फोन यायचा.

“आज तरी झाला काय रे?”

“नाय गो बाय. कोड माझ्या विंडोजवर लिहून झालो. पण आयफोनात घालूचा तर मॅकवरच बांधूक होया. बांधपाचा हत्यार आयफोनची कंपनी दुसऱ्या मशीनवर चालूकच दिना नाय.”

“म्हणजे पीठ आमी मळायचा आणि पाव पदेराच्याच भट्टीत भाजायचो?”

“आणि वर शिक्कोय त्येचोच!”

“पदेर तरी सायकल घेवन दारात येता मरे!”

दोघं हसायची. मग काय रांधलंस, विहिरीचं पाणी किती, असं करत अर्धा तास सरायचा. ॲपच्या आधी तिचा फोन यायचा तो फक्त चतुर्थीला.

डिचोलीत निखिलकडे मॅक होता. “ये, दोन तासांचा काम,” असं मित्रानं सप्टेंबरातच सांगितलेलं. स्कूटरवर तासाभराची वाट, पण साईश गेला नाही. निखिलला सांगे, थोडं बाकी आहे. बहिणीला सांगे, मॅकवाल्याला सवड नाही. फोन ठेवला की एका ताटात भात वाढून घेई.

पौष लागला. त्या दिवशी गौरवीनं ॲपचं विचारलंच नाही.

“चादरी घडी करताना आईचा गाणा म्हणूक गेलंय रे,” ती म्हणाली. “दुसरी ओळच येयना. हंय कोणाक विचारू?”

साईशला ओळ येत होती. पण ती तिला आईच्याच आवाजात मिळायला हवी होती.

सकाळीच तो डिचोलीला गेला.

“इलो एकदाचो!” निखिल दारातूनच ओरडला. “बायचो आयफोन म्युझियमात ठेवची पाळी इली असती.”

दोन-तीन चुका निघाल्या, त्या सुधारल्या. दुपारी मॅकनं ॲप बांधलं, त्यावर आपली सही उमटवली आणि लिंक लिस्बनला गेली.

सातला फोन आला. गौरवी आधी नुसती रडली.

“आयकलंय रे. चारदा आयकलंय.” मग नाक पुसून म्हणाली, “बरा झाला. आता रोज तुझो जीव खावचंय नाय. ठेवतंय हां?”

“बाय, ठेव नको.”

“काय रे?”

“मॅक सप्टेंबरापासून होतो. मीच गेलंय नाय, मुद्दाम. ॲप झाला असता तर तू फोन कित्याक केलो असतंस? माझ्याशी बोलूक घरात दुसरा कोण आसा?”