अमडापूरच्या डेअरीतला लाल दिवा

अमडापूरच्या डेअरीत दूध तपासायचं मशीन आलं, तेव्हापासून गोजरबाईची काही तक्रार नव्हती. पण या हिवाळ्यात तिनं म्हशीच्या चाऱ्यात सरकीची ढेप वाढवली, दूध दाट झालं, आणि मशीनचा लाल दिवा लागायला लागला. लाल म्हणजे भेसळ. रांगेतल्या बाया आधी एकमेकींकडे बघत, मग तिच्या कॅनमध्ये.

"शेषरावभाऊ, मी यात काय टाकतो, सांगा ना," ती डेअरी चालवणाऱ्या शेषरावला म्हणाली.

"मले काय माहीत, वहिनी? मशीन दाखवून राह्यली."

"बोट बुडवून पाहा की."

"बोटावर डेअरी चालत नाही आता."

रोज तेच. परत आलेलं दूध आटवून खवा करता करता तिचे हात भरून यायचे. एका दुपारी नवरा, निवृत्ती, हळूच विचारून बसला, "पण तू खरंच काही टाकत नाहीस ना?" त्या दिवशी ती जेवली नाही.

तिनं इतकं डोकं खाल्लं, की शेवटी शेषरावनं चिखलीहून मेकॅनिक बोलावला. जानराव त्याचं नाव. त्यानं झाकण उघडून एक छोटी काळी चिप दाखवली.

"मशीनचा प्रोग्राम यात असतो. लिहिणाऱ्यांनी इतकं दाट दूध धरलंच नव्हतं. हद्दीच्या वर गेलं की मशीन भेसळ म्हणते. कंपनीले ते मागून कळलं, तिनं दुरुस्त केलेल्या चिपा सगळीकडे पाठवल्या. तुमची दिवाळीपासून आमच्या दुकानात पडून आहे. निरोप दिला होता."

गोजरबाईनं शेषरावकडे पाहिलं.

"चालू मशीन काऊन उघडायची म्हटलं," तो पुटपुटला.

"तुमच्यासाठी चालू होती."

जानरावनं चिप बदलली. तिचं दूध ओतलं, हिरवा दिवा लागला. तिला आनंद व्हायला हवा होता, पण रागच आला.

"आता पुन्हा नाही ना होणार?"

"दुसरं काही निघेल, बाई. दुधात, चाऱ्यात काही बदललं की प्रोग्रामही बदलावा लागतो."

"मग निरोप माह्या घरी धाडत जा."

दुसऱ्या दिवशी शेषरावनं रांगेसमोर सांगितलं, चूक मशीनची होती. चिपचं नाव काढलं नाही. ती दिवाळीपासून पडून होती, हे गोजरबाईनं स्वतः सांगितलं, मोठ्यानं. तरी मागची रुखमाबाई तिच्या कॅनमध्ये डोकावलीच.