टकरीचा डाव

सोमवारी सकाळी शमशुद्दीनचं टकरीचं मशीन, म्हणजे नाणं टाकून पडद्यावर मोटारी पळवायचा खेळ, हातगाडीवरून भंगारात गेलं. तूर्त ते गेलंच नाही असं धरून चालू. कारण शनिवारी दुपारी ते लक्ष्मीपुरीतल्या आक्कांच्या खोलीत ठणठणीत चालू होतं आणि अंबादास त्याच्या काचेवर बोट आपटून विचारत होता,

“ह्या मोटारी आहेत का साबणाच्या वड्या?”

“मोटारीच की, सर,” शमशुद्दीन म्हणाला. “तांबडी आपली, निळ्या दुसऱ्यांच्या. निळीला धडक दिली की गुण मिळत्यात. तिसऱ्या धडकेला डाव खलास.”

अंबादास दर रविवारी पेपरात नाटकांची परीक्षणं लिहायचा. बरं नाटक त्याला अजून भेटायचं होतं. खोलीच्या मालकीणबाई आक्का त्याचा शब्द इतका मानायच्या, की त्याला न आवडलेल्या नाटकाला त्या कधी गेल्या नाहीत, म्हणजे कुठल्याच नाटकाला गेल्या नाहीत. खोली शमशुद्दीनकडं ठेवायची की पिठाच्या गिरणीला द्यायची, हेही त्यांनी त्याच्यावरच सोडलं होतं. शमशुद्दीननं टीव्हीदुरुस्तीचं दुकान मोडून मुंबईहून हे मशीन आणलेलं. तिथलं सगळ्यात स्वस्त तेच होतं. निकाल अंबादासच्या हातात, म्हणून आज त्याच्यासाठी खुर्ची होती, लिंबूसरबत होतं.

अंबादासनं एकदा खेळून पाहिलं. रस्ता सरळ. झाड एकच, तेच सारखं समोर यायचं, उधारी मागायला आल्यासारखं. धडकेचा आवाज फरशीवर ओलं फडकं पडावं तसा. तीन धडकांत तो मोकळा झाला आणि त्यानं खिशातून कागद काढला.

“ऐका, आक्का. कथानक नाही. नेपथ्य दरिद्री. मुख्य पात्राला चाकंसुद्धा नाहीत. इतका भिकार अपघात मी जन्मात पाहिला नाही.”

“मग झालं की,” म्हणत आक्कांनी पिशवीतनं कुलूप काढलं.

पण तेवढ्यात मशीनपुढच्या स्टुलावर मीरासाब येऊन बसले होते. शमशुद्दीनचे अब्बा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. नाणं आत टाकूनही झालं होतं.

“अब्बा, उठा आता.”

“बसू दे त्यांना,” आक्का म्हणाल्या. “भरल्या ताटावरनं आम्ही कुणाला उठवत न्हाय. मीरासाबभाईंचा डाव संपला की कुलूप.”

मीरासाबांनी मान हलवली. तांबडी वडी निघाली. समोरून निळी आली, त्यांनी वेग कमी करून तिला बाजू दिली. दुसरी आली, तिलाही दिली. झाड आलं, त्याला वळसा घातला.

“अहो, धडक द्या की,” अंबादास म्हणाला.

“सर्व्हिसभर दिली न्हाय. आता कशाला?”

गुण शून्य. न धडकणारं गिऱ्हाईक मशीन बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यामुळं डाव संपायची दुसरी कुठलीच सोय त्यात नव्हती. हे आधी शमशुद्दीनच्या ध्यानात आलं. तो जाऊन प्लगापाशी उभा राहिला, कुणाचा पाय लागू नये म्हणून. मग आक्कांच्याही ध्यानात आलं. पण शब्द देऊन झाला होता. त्या कुलूप मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या.

दारात माणसं जमली.

“गारगोटीला जाती का, पावणं?” कुणीतरी हाळी दिली.

“जाती. मागनं चढा,” मीरासाब पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

अंबादासनं कागदावर ‘कंटाळवाणे’ लिहिलं. मग त्याच्या आधी ‘अतिशय’ घातलं. तो निघायला उठला, पण दोन निळ्या शेजारीशेजारी आल्या आणि त्याचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. लाज वाटून तो परत खुर्चीत बसला, आणि ‘चालक दमलेला दिसतो’ असं टिपलं. मीरासाब दमलेही होते.

उन्हं भिंतीवरून उतरली.

“अब्बा, ऱ्हाऊ द्या आता. गिरणी तर गिरणी.”

“प्याशिंजर हाय गाडीत.”

“कोण प्याशिंजर?”

“तू की.”

शमशुद्दीननं प्लग अंगठ्यानं आणखी आत दाबला. आक्कांनी कुलूप या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. मीरासाबांनी आणखी एका निळीला बाजू दिली.

“सर, तुमचं अक्षर चांगलं असंल. जरा लिवा.”

अंबादासनं परीक्षणाचा कागद उलटा केला. मीरासाब सांगत गेले, तो शुद्ध करत लिहीत गेला.

‘मा. आगार व्यवस्थापक यांस. सदर गाडी वाटेत असून प्रवासी सुखरूप आहेत. चालकाची पाळी संपलेली आहे. तरी बदली चालक तातडीने पाठविण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती.’