अडीच तोळ्यांचं पडवळ

हरणाआत्तीनं बारा दिवस बसून शिवलेली वाकळ आज्जानं बुधवारी दुपारी उसवायला लावली, आणि तिथनं आमच्या घरात जे सुरू झालं ते रविवारी साताऱ्याला जाऊनच थांबलं.

वाकळ काही साधीसुधी नव्हती. तिच्या पोटात आईची दोन विटकी लुगडी, आज्जाचा जुना फेटा आणि माझा पाचवीतला परकर होता, आणि वरनं मुंग्यांची रांग जावी तसे बारीक टाके. आत्ती म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. तिच्या हातात सुई असली की तिला कुणी हाक मारायची नसते, हे आमचं कुत्रंसुद्धा जाणतं. तरी आज्जा तिच्यापुढं ताठ उभा राहिला.

"हरणे, उसव ही."

"का म्हून?"

"बिल्ला हाय तिच्यात."

हा बिल्ला आज्जाचा लढाईतला. आज्जाचं नाव हंबीरराव, आणि पहिल्या मोठ्या लढाईत तो बसऱ्याला होता. परत आल्यावर सरकारनं त्याला चांदीचा बिल्ला दिला, एका बाजूला राजाचं तोंड आणि वर रंगीत पट्ट्यांची फीत. वाईच्या सोनारानं एकदा तो तोलून अडीच तोळे भरतो म्हणून सांगितलं. तेव्हापासून आज्जा ना राजाचं नाव घेई ना लढाईचं, नुसतं "अडीच तोळं चांदी" म्हणे. जेवताना म्हणे, दाढी करताना म्हणे, पाऊस लागला की दारात बसून पावसाला सांगे. आमच्या घरात भाकरीचं पीठ कुणी मोजत नाही, पण आज्जाचा बिल्ला किती तोळ्यांचा हे शेजारच्या लीलाबाईच्या तान्ह्या पोरालाही ठाऊक असेल.

आता दुसरी लढाईही संपली म्हणून साताऱ्याला जुन्या पेन्शनरांचा मेळावा ठरला होता. तसं कार्ड आलं. ते मीच वाचलं, कारण मी सातवीत गेल्यापासून घरात वाचायचं असेल ते मीच वाचते, आणि न वाचायचंही वाचते. सगळ्यांनी आपापले बिल्ले लावून यावं असं त्यात होतं. आज्जानं कार्ड तीनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाला, माणातला लालासाहेब येणार. लालासाहेब आणि आज्जा बसऱ्याला एका तंबूत होते. एका मगात चहा प्यायचे, एका दिवशी दोघांना बिल्ले मिळाले. त्यानंतर पंचवीस वर्षांत गाठ नाही. आज्जा म्हणाला, चंद्रे, तूही चल, लालासाहेबाला दाखवतो माझी नात.

झालं. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गाला सांगून मोकळी झाले की मी राजवाडा बघणार, कंदी पेढा खाणार आणि मोटारीत पुढच्या बाकावर बसणार.

आणि बुधवारी पत्र्याची पेटी उघडली तर बिल्ला नाही.

आज्जानं पेटी उपडी केली, झटकली, आत डोकं घालून हुंगली. मग तो भिंतीला टेकून बसला आणि हळूच म्हणाला, बिल्ल्याबिगर मी जात नाही. लालासाहेब छातीवर लावून येईल आणि मी काय कोरडा उभा राहू? तो नाही म्हणजे मीही नाही, म्हणजे राजवाडा नाही, पेढा नाही, आणि सोमवारी वर्गात तोंड दाखवायचं नाही.

आई घरात नव्हती. मेढ्याकडं मामीचं बाळंतपण होतं म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच गेली होती, आणि जाताना त्याच पेटीतली जुनी लुगडी काढून आत्तीला वाकळेसाठी देऊन गेली होती. मी सातवीतलं डोकं चालवलं. लुगड्यांबरोबर बिल्ला वाकळेत गेला, हे मीच आज्जाला सांगितलं. आता हे आत्तीला कळू देऊ नका.

वाकळ उसवली. आधी कडा, मग पोट. आत्ती एकेक टाका तोडताना आज्जाकडं बघत होती. आतून आईचं लुगडं निघालं, फेटा निघाला, माझा परकर निघाला, एक वाळलेली चिंच निघाली. बिल्ला काही निघाला नाही.

तेव्हा आत्तीनं आठवण काढली की चिंध्या फाडत असताना मैनीनं एक गठुळं पळवलं होतं. मैनी आमची शेळी. तिनं आजवर माझ्या वहीची बारा पानं, आज्जाच्या चपलेचा अंगठा आणि गुरुजींच्या टोपीची कड खाल्लेली आहे, त्यामुळं तिच्या बाजूनं बोलायला कुणी उठलं नाही. आज्जानं तिला खांबाला बांधलं, एरंडेल पाजलं आणि मागं पाट टाकून पहाऱ्याला बसला. काडीनं लेंडी न् लेंडी फोडून बघायची आणि बाजूला सारायची. माझी पाळी शाळा सुटल्यावर. लीलाबाई रोज कुंपणावरनं विचारी, आज किती राजे निघाले.

एवढ्या कटकटीत एक जागा गोड होती, परसातला पडवळाचा मांडव. वेल मी लावली होती. शाळेच्या बागेत गुरुजींनी शिकवलं की कोवळ्या पडवळाला खाली वजन बांधलं की ते वाकडं जात नाही, सरळ लांब वाढतं. मी घरी येऊन आईला अगदी गुरुजींसारखं बोट वर करून बजावलं होतं, वजन अडीच तोळ्यांचं पाहिजे, जास्त झालं तर तुटेल, कमी झालं तर वाकेल. आईनं जायच्या आदल्या दिवशी एका पडवळाला फडक्यात गुंडाळून काहीतरी बांधलं, आणि काय सांगू, ते पडवळ सापासारखं सुटलं. तीन हात आणि वर चार बोटं. मी रोज सुतळीनं मोजायची आणि खालच्या फडक्यावर शाबासकीची चापट मारायची. माझा बेत ठरलेला होता की ते बियाला ठेवायचं आणि गुरुजींना बोलावून दाखवायचं.

आज्जाही लेंड्या फोडून कंबर धरली की तिथं येऊन उभा राही. "बघ," म्हणे, "हुबं ऱ्हावं तर आसं. पलटणीत आशी पोरं न्हवती."

भादव्याचं ऊन आणि मधेच सर, असे दोन दिवस गेले. मैनी निम्मी झाली. शनिवारी संध्याकाळी आई आली, डोक्यावर गाठोडं, गुडघ्यापर्यंत चिखल. अंगणात वाकळेचा ढीग, खांबाला शेळी, शेळीमागं सासरा काडी घेऊन. ती दारातच थबकली. मी एका दमात सगळं सांगितलं. आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते. तर ती पाय न धुता तशीच परसात गेली, आम्ही सगळे मागं, आणि मांडवाखाली उभी राहून जमिनीकडं बघत म्हणाली,

"मामंजी, बिल्ला म्या कामाला लावलाय."

फडकं सोडलं. आत राजा. फीत पडवळाच्या शेंड्याला गच्च बांधलेली.

मी म्हटलं, आई, हे काय गं केलंस. आई माझ्याकडं वळली.

"तूच बजावलंस न्हवं? आडीच तोळं, कमी न्हाई, जास्त न्हाई. घरात ना तागडी ना वजनं. आडीच तोळ्याचं म्हून म्हाईत आसलेलं दुसरं काय हाय आपल्यात? मामंजी रोज सांगत्यात. वर बांधायला फीत बी व्हती."

कुंपणापलीकडं लीलाबाई हसून हसून खालीच बसली. आज्जा पुढं झाला आणि गाठ सोडवायला लागला. पावसानं ती फुगून दगड झाली होती. नखानं निघेना, दातानं निघेना. फीत कापायला आज्जा तयार नाही आणि पडवळ कापायला मी. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत उभे. मग मला आठवलं, वाकळेचं मीच सुचवलं होतं, आणि अडीच तोळ्यांचंही मीच. मीच जाऊन विळा आणला. आधी देठ कापला, मग शेंड्याची चार बोटं. नेमके तीन हात उरले.

"चंद्रे," आज्जा म्हणाला, "ह्ये आपुन लालासाहेबाला द्यायचं."

रविवारी पाचवडला मोटार धरली. पुढचा बाक मिळाला, पण मला नाही, पडवळाला. आज्जानं ते गुडघ्यांच्या मधे उभं धरलं होतं, वरचं टोक छताला लागत होतं, आणि प्रत्येक खड्ड्याला मागचा गडी त्याला हात लावून सांभाळत होता. साताऱ्यापर्यंत सगळ्या मोटारीला आमची गोष्ट पाठ झाली. एका म्हातारीनं तर उतरताना आपल्या भोपळ्याला किती तोळे बांधू म्हणून मला विचारलं. मी सांगितलं नाही. मी शहाणी झाले होते.

मैदानावर फेटेच फेटे. आज्जा छाती काढून चालला होता. तेवढ्यात एक वाळका म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, समोर येऊन थांबला. हाच लालासाहेब. त्यानं आज्जाच्या बिल्ल्यावरनं अंगठा फिरवला. त्याच्या स्वतःच्या छातीवर काहीच नव्हतं.

"आजून ठेवलायस व्हय रं? माझ्याचं म्या कवाच नातीच्या पायातलं वाळं केलं. लय ग्वाड वाजतंय गड्या."

आज्जानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं. लालासाहेबानं वाकून बिल्ला हुंगला.

"आन ह्येला पडवळाचा वास कशापायी येतोय?"

आज्जा जो हसायला लागला तो थांबेना. ओळीतले सगळे म्हातारे वळून बघायला लागले, तरी थांबेना. डोळे पुसत त्यानं बिल्ला काढला आणि खिशात घातला. लालासाहेब कोरडा तर तोही कोरडा. दोघं ओळीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले, मधे माझं पडवळ. पाहणीचा साहेब जवळ आला आणि पडवळापुढं थांबला. दोघांनी खाडकन सलाम ठोकला. साहेबानंही परत ठोकला. कुणाला ठोकला ते त्यालाच माहीत.

पडवळ लालासाहेबाबरोबर माणात गेलं. पेढा मी दोन वेळा खाल्ला. राजवाडा बाहेरनं बघितला.

घरी आल्यावर आत्ती आठ दिवस आज्जाशी बोलली नाही. वाकळ पुन्हा पहिल्यापासून शिवायला घेतली, आणि आज्जा रोज दुपारी तिच्याजवळ बसून डोळे बारीक करून सुईत दोरा ओवून देई. मैनी एरंडेलाची बाटली दिसली की अजून उडी मारते.

बिल्ला परत पेटीत गेला नाही. वेलीला एक नवं पडवळ धरलं होतं, बोटाएवढं. त्याच्याखाली आज्जा बराच वेळ उभा होता. मग त्यानं आईला हाक मारून जरा वाढू दे म्हणून सांगितलं, आणि चौथ्या दिवशी फडकं मागून घेऊन स्वतःच्या हातानं बिल्ला बांधला. या वेळी मात्र सुरगाठ मारली.