चांदणीवाले मानकरी

आधीच सांगून ठेवतो, ही यादी करायची कल्पना माझी नव्हती. मी आपला कळंबच्या वाचनालयातला ग्रंथपाल. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, ज्यानं पानाचा कोपरा दुमडला त्याच्यावर खेकसायचं, एवढंच माझं काम. पण आमचे अध्यक्ष पुंडलिकराव हेडमास्तर म्हणून रिटायर झाले होते, अन् रिटायर हेडमास्तरले घरी कोणी विचारत नाही. मग त्याचा ताप आमच्यासारख्याले.

२००४ सालच्या बैठकीत ते म्हणाले, "संघदीप, वाचनालयाले पन्नास वर्षं होऊन राह्यली. जिल्ह्यात आजवर ज्याले ज्याले बक्षीस मिळालं त्या सगळ्यांची एक सूची काढू. विषयवार. पुस्तकच छापू."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

झालं! दोन वर्षं मले दुसरा धंदा राह्यला नाही. एका माणसाले एक कार्ड, अन् कार्डं ठेवायले जोड्यांचे रिकामे खोके. शिक्षण, शेती, कला, क्रीडा, समाजसेवा. ज्याचं काहीच जमत नाही त्याच्यासाठी 'संकीर्ण'. ऐकायले सोपं वाटते. एकदा करून पाहा म्हणावं. भजनाची ढाल कलेत टाकावी का समाजसेवेत? सुंदर हस्ताक्षर हे शिक्षण का कला? त्यात ते भीमसिंग आले. त्यांच्या बैलानं शंकरपटात पहिला नंबर मारलता.

"बक्षीस बैलाले भेटलं, तुमाले नाई," मी म्हटलं.

"बैल कोनाचा?"

"तुमचा."

"मंग?"

लिहिलं बापा त्यांचं नाव क्रीडेत. दुसऱ्या दिवशी दोन पहिलवान वाचनालयात येऊन उभे, की आमच्या पंगतीत बैल कायले बसवला? मी म्हटलं, बैल नाही, बैलाचा मालक बसवला, अन् इथं बसायचं असंल तं चपला बाहेर काढा.

नियम मात्र मी एकच ठेवलता. कागद दाखवा, मगच नाव. प्रमाणपत्र, कात्रण, ढालीवरची पाटी, काहीही चालंल, पण तोंडी गोष्ट चालणार नाही. या नियमापायी मले शिव्या लै बसल्या, पण मी ऐकलं नाही.

हंसाबाई आल्या तेव्हा त्यांच्यापाशी कागद होता. राळेगाव रोडवरच्या खेड्यातल्या अंगणवाडीत त्या मदतनीस होत्या. पोरं गोळा करायची, खिचडी वाढायची, पोरांची नाकं पुसायची. स्वतःले अक्षर येत नव्हतं. प्रमाणपत्र साडीच्या पिशवीत, वरून परत प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलतं. जिल्हा विज्ञान प्रदर्शनी, १९९५, प्रथम क्रमांक, धम्मदीप बळीराम नगराळे, इयत्ता नववी. पोरानं सायकलच्या चाकावर चालणारी रेची केलती, कापसातली सरकी काढायची. पायडल मारलं की इकडून रुई अन् तिकडून सरकी.

"जयभीम बाबू," त्या म्हणाल्या. "मायाच पोराचं हाये. बसते का तुह्या पुस्तकात?"

"बसते ना मावशी. पहिला नंबर हाय, काहून नाही बसणार?"

मी 'शिक्षण'च्या खोक्यात कार्ड टाकलं. त्यांनी ते मले परत काढायले लावलं, नाव कुठं लिहिलं ते बोटानं दाखवायले लावलं, अन् ती अक्षरं डोळ्यांनी पाठच करून घेतली म्हणा ना. मग खरी गोष्ट बोलल्या. धम्मदीप लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका जिनिंगात फिटर होता. त्या सालांमध्ये कापसाचं पार वाटोळं झालं, जिनिंगात गाड्याच येईनात, मालकानं कुलूप लावलं. पोरगा गुजरातेत दुसऱ्या जिनिंगात गेला. बाप बळीराम आधीच वारला होता, आता घरात ही एकटी.

"दिवाळीपासून चिठ्ठी नाई त्याची," त्या म्हणाल्या. "कामात असन. तू त्याले लिव, का तुयं नाव पुस्तकात येऊन राह्यलं. पुस्तकाचा परोगराम होईन ना? तुले स्टेजवर बलावते म्हना. मंग येते का नाई पाय!"

मले हसू आलं. म्हटलं, लिहितो.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी त्या यायच्या. उत्तर आलं का? नाही आलं. परोगराम कधी हाये? तारीख ठरली नाही. मग धम्मदीपचं कार्ड काढून पाहायच्या अन् चार वाजताच्या एसटीनं परत जायच्या. मी कोणालेही खोक्यांले हात लावू देत नव्हतो, पण या बाईले दिला. माझी माय असती तं अशीच हट्टी असती.

आता चांदणीची गोष्ट सांगतो. कार्डं टाईप करायचं काम जमीरकडं होतं. बसस्टँडामागं त्याचं डीटीपीचं दुकान. मेलेल्या माणसाच्या नावाआधी आम्ही रीतसर 'कै.' लिहिलतं, अन् कंप्युटरले सांगितलं, अकारविल्ह्यानं लाव. त्या बेअकली मशीननं सगळे 'कै.' उचलले अन् 'क'मध्ये नेऊन बसवले! अण्णाजी 'क'त, विठाबाई 'क'त. जिल्ह्यातले सगळे मेलेले एका जागी. मी जमीरवर बोंबललो, जमीर माझ्यावर.

"अन् कै. तरी सगळ्यांले कसं चालंल?" मी पुंडलिकरावांले म्हटलं. "आमच्यात कैलासवासी कोणी नसते. आम्ही बौद्ध, आमच्यात कालकथित म्हणतात."

"आमच्यात मरहूम," जमीर म्हणाला.

पुंडलिकरावांनी कपाळाले हात लावला. शेवटी ठरलं, कोणाच्याच आधी काही लिहायचं नाही. नाव संपलं की एक ताऱ्याचं चिन्ह टाकायचं, अन् पानाच्या तळाशी एक ओळ. जमीर त्या चिन्हाले चांदणी म्हणे. आम्हीही मग चांदणीच म्हणू लागलो.

पण कोण जिता अन् कोण मेला, हे मले काय स्वप्नात दिसणार? मग मी जोडकार्डं आणली. अर्धं आपलं, अर्धं उत्तराचं, उत्तरावर आपलाच पत्ता. त्यावर लिहिलं, 'आपण हयात असल्यास कृपया उलट टपाली कळवावे.'

जमीर हसून हसून लोळला. "अन् नसले तं, संघदीपभाऊ?"

"तं पोस्टमन कळवते," मी म्हटलं.

अन् कळवलंच की त्यानं. कार्डं परत येऊ लागली. 'मयत.' 'मयत.' 'घर बंद.' 'मयत.' शिक्षकांचं वय झालतं, त्यांचं मी समजू शकत होतो. पण शेतीच्या पानावर पस्तीस-चाळीसच्या माणसांले चांदण्या लागू लागल्या, दहा वर्षांआधी ज्यांचा सत्कार झालता अशांले. कोण्या कार्डामागं बायकोनं दोन ओळी लिहिलेल्या असत, कोण्या मागं नसत. जमीरचं हसणं बंद झालं. मी चांदण्या लावत गेलो. खोटं कायले बोलू, पन्नास-साठ झाल्यावर मले काही वाटेनासं झालतं. काम होतं ते.

धम्मदीपच्या गुजरातच्या पत्त्यावरही जोडकार्ड पाठवलतं. त्यावर मायनं सांगितलेली ओळ मी हातानं वाढवली, 'कार्यक्रमाले ये, आई वाट पाहते.'

ते उत्तर आलं २००६च्या जूनमध्ये. हिंदीत, कोण्या मुकादमाच्या हातचं. 'यह लड़का फरवरी में जिनिंग की आग में गुजर गया। घर का पता किसी के पास नहीं था। पुलिस ने यहीं क्रियाकर्म किया। माताजी को नमस्ते बोलना।'

मी ते उभ्यानंच वाचलं. मग खाली बसून परत वाचलं. जमीरले दाखवलं तं तो म्हणाला, "भाऊ, मावशीले सांगा लागते."

"सांगतो ना."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना एक वेळा! तू आपला टाईप कर!"

असा मी त्याच्या अंगावर गेलो. सांगितलं मात्र नाही. एक बाजार गेला, हंसाबाई आल्या, उत्तर आलं का म्हणाल्या, अन् मी, कागदाशिवाय कोणाचं नाव न घेणारा संघदीप, कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून म्हटलं, नाही आलं. दुसरा बाजार गेला. तेव्हाही नाही आलं. अठराशे माणसांत एकच असा, ज्याचा कागद मी दाबून ठेवला अन् ज्याले चांदणी लावली नाही. लाज वाटे. पण तोंड उघडत नव्हतं.

तिसऱ्या बाजाराले 'शिक्षण'ची पानं छापायले जायची होती. प्रूफ माझ्या टेबलावर होतं. हंसाबाई आल्या, पाणी प्यायल्या, अन् म्हणाल्या, दाखव. मी विज्ञान प्रदर्शनीचं पान समोर धरलं. त्यांनी बोट फिरवत बरोबर पोराच्या नावावर आणलं. मग ते बोट वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं.

"हे काय हाये बाबू? हे चांदनी."

मी म्हटलं, "ते असंच, खूण असते."

"वरच्याले हाये. खालच्याले हाये. मायाच पोराले नाई."

वर धम्मदीपचे विज्ञानाचे गुरुजी होते, शिक्षक गटात बक्षीस मिळालेले, दोन वर्षांआधी वारलेले. खाली एक पोरगी, बाळंतपणात गेलेली.

"आमच्या अंगणवाडीत ताई देते ना चांदनी," हंसाबाई म्हणाल्या. "ज्याचं साजरं त्याच्या पाटीवर चांदनी. पयला नंबर मायाच पोराचा होता, का ह्या खालच्याचा?"

"तुमच्याच पोराचा, मावशी."

"मंग त्याले काहून नाई? त्याचा बाप मजूर होता म्हनून?"

"तसं नाही हो."

"कसं नाई? सारी जिंदगी पायली म्या. आपल्याले मांगंच ठेवतेत. पन तू तं आपला होता. तुह्या हातात पेन होता, तरी तू मायाच पोराची चांदनी खाल्ली!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तो आला अन् त्यानं हे पायलं, तं त्याले काय वाटन? म्हनन, माय, यासाठी बलावलं काय मले?"

मले काय झालं ते आजही सांगता येत नाही. राग आला. त्यांचा नाही, माझाच. तीन आठवड्यांचा जीव कोंडलेला. मी पेन उचललं अन् धम्मदीप बळीराम नगराळेच्या पुढं दाबून चांदणी काढली. "घ्या! लावली! झालं समाधान?"

अन् त्या बाईचं तोंड असं फुललं की विचारू नका. पदरानं डोळे पुसले, माझ्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवून बोटं मोडली. "जुग जुग जग माया राजा. राग नोको येऊ देऊ. मी अडानी बाई." मग पान जवळ ओढून पाहत बसल्या. तळाशी बोट ठेवून म्हणाल्या, "अथीसा बी चांदनी हाये. याच्यापुढं काय लिवलं? चांदनीवाल्यांचंच असन. वाच ना."

खोटं बोलायले एक वाक्य पुरलं असतं. विशेष प्रावीण्य, म्हटलं असतं, अन् त्या खुशीत एसटीत बसल्या असत्या. घरी जाऊन गावभर सांगितलं असतं. मग पुस्तक छापून आलं असतं, अन् कोण्या चौथीतल्या पोरानं त्यांच्याच अंगणात ती ओळ मोठ्यानं वाचली असती.

मी वाचलं. "हे चिन्ह असलेले मानकरी आज हयात नाहीत."

"हयात म्हंजे?"

"जिते नाहीत, मावशी."

त्यांचं बोट परत पोराच्या नावावर गेलं. "मंग मायाच पोराले काहून लावली?"

मी खिशातून कार्ड काढलं. तीन आठवडे घामानं मऊ पडलतं ते. शब्दान् शब्द वाचून दाखवला, माताजी को नमस्तेपर्यंत. मग म्हटलं, मी लपवलं, माझी चूक झाली, मले मारा. त्यांनी ऐकलं का नाही माहीत नाही. त्यांनी कार्डाले हातच लावला नाही. पदराचं टोक तोंडात ओलं केलं अन् प्रूफावर, पोराच्या नावापुढं, घासू लागल्या.

"मिटव बाबू. मिटव हे. मले नाई पायजे चांदनी."

"मावशी, ऐका..."

"त्याचा दुसरा नंबर लिव. तिसरा लिव. नंबर नसला तरी चालते. पुस्तकातून नाव काढून टाक त्याचं, मी काई म्हनत नाई. हे तेवढं मिटव."

मी त्यांचा हात धरला. त्या दुसऱ्या हातानं पुसत राह्यल्या.