पालक गैरहजर

रविवारी आमच्या मराठी शाळेच्या हॉलमध्ये सात बायका बसल्या होत्या. त्यात मी एक, भागीरथी सुकलाल. डोक्यावर सहा पंखे गरगरत होते, समोर माइक होता, आणि माइकमागे ट्रस्टीसाहेब पांढऱ्या सफारीत.

विषय होता अकरावी सायन्सचा. सुरतेत पर्वत पाटियाच्या या बाजूला मराठीतून सायन्स फक्त आमच्याच शाळेत, तेही दोन वर्षांपासूनच. माझी योगिता नुकतीच दहावीची परीक्षा देऊन बसली होती. तिला नर्स व्हायचं होतं. पाचवीत असताना धाकट्याला कावीळ झाली तेव्हा ती दवाखान्यात माझ्यासोबत नऊ दिवस बसली, तिथंच तिचं ठरलं. घरी विचारलं की एकच उत्तर, "आई, माले सायन्सच लेनं शे."

ट्रस्टीसाहेब म्हणाले, सायन्सचा वर्ग बंद करून त्या खोलीत मुलींसाठी शिवणवर्ग काढायचा विचार आहे. पालकांचं मत हवं.

मी उभी राहिले. "सायेब, आमाले सायन्स हवं."

हेडसर हसले. "ताई, मत पालकांचं लागतं. वडिलांची सही. वडील कुठे आहेत?"

"मागावर, कापडाच्या कारखान्यात."

"मग त्यांना पाठवा. बायकांना बोलवून आम्ही काय करणार?"

मंगलाबाई माझ्या शेजारी होती. ती पुटपुटली, "पोरं काय यांनी पैदा केली का?" मला हसू आलं नाही. नऊ महिने पोटात वागवलं, तापात रात्री काढल्या, आणि इथं आम्ही पालक नाही!

तिसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर कागद लागला. योगिताने मला वाचून दाखवला. 'सभेस पालक गैरहजर. पालकांना विज्ञान शाखेत रस नसल्याने ती बंद करण्याची शिफारस करण्यात येत आहे.' वाचताना तिचा आवाज कापत होता. मला वाटलं रडते आहे. रडत नव्हती.

"गैरहजर!" ती म्हणाली. "तुम्ही सात जणी भुतं होतात का?"

आता आमच्याकडचं कामाचं गणित सांगते. सुरतेत मागाच्या कारखान्यांना रविवारची रजा नसते. प्रत्येक भागाची वीज आठवड्यातून एक दिवस बंद राहते, आणि ज्या दिवशी वीज नाही त्या दिवशी रजा. आमच्या भागात तो दिवस शुक्रवार. त्या दिवशी पुरुष केस कापतात, सायकली धुतात, आणि संध्याकाळी चारला विठ्ठलमंदिराच्या पत्र्याच्या शेडमध्ये कीर्तनाला बसतात. बारा-बारा तास माग चालवणारा माणूस रविवारी सकाळी अकराच्या सभेला येणार कसा? माग सोडला की ताणा, म्हणजे उभा धागा, तुटतो, आणि ताणा तुटला की शेठचं तोंड सुटतं.

त्या शुक्रवारी मी कीर्तनाला गेले खरी, पण मन लागेना. बाबुराव बुवा आमचे. वीज नसल्यामुळे आमचं कीर्तन बिनमाइकचं, पण बुवांचा आवाज पार नाक्यावरच्या पानवाल्यापर्यंत जातो. त्यांनी एक ओळ घेतली, टाळकऱ्यांनी उचलली, मृदंग चढला, आणि एरवी माझ्या अंगावर काटा येतो तसा त्या दिवशी आलाच नाही. डोक्यात एकच शब्द, गैरहजर. समोर बघते तर तीनशे माणसं मांडी घालून बसलेली. सगळे बाप. एकही गैरहजर नाही.

मी उभी राहिले. कीर्तनात कधी कुणी मध्येच उभं राहत नाही, मीही आयुष्यात राहिले नव्हते. माझ्या नवऱ्याने, सुकलालने, पदर ओढला. "अवं, खाली बस नं! येडी झाली का?"

"बुवा," मी म्हणाले, "माफ करा. पण मला बोलायचंय."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओळ अर्धी राहिली, ताई!"

बुवांनी टाळ थांबवले. घाम पुसत हसले. "देवाला विटेवर उभं राहायची सवय आहे रे. थांबेल तो. बोल माय."

मी सगळं सांगितलं. सात बायका, सहा पंखे, शिवणवर्ग, फळ्यावरचा कागद. शेवटी म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी शाळा चालू आहे आणि तुमची रजा आहे. यायचं की नाही, तेवढं सांगा."

बुवांनी गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला आणि सभेकडे वळून म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी कीर्तन अकरा वाजता. शाळेत."

आले. सव्वाशे बाप आले, इस्त्रीचे शर्ट घालून, आणि त्यांच्या बायकाही. हॉल भरला. पंखे बंद, खिडक्यांतून नुसती भट्टी. हेडसर धावत आले.

"हे काय? सभेला आठ दिवस आधी नोटीस लागते!"

"आठ दिवस आधी फळ्यावर तुम्हीच आम्हाला नोटीस दिली की, गैरहजर म्हणून," बुवा म्हणाले. त्यांना ओरडावंही लागलं नाही.

हेडसरांनी कपाटातून एक वही आणली आणि सुकलालसमोर उघडली. "ही सही तुमची ना? ही पण? आठवीपासून पालकसभेच्या सहा चिठ्ठ्या, सहा सह्या. सगळ्या रविवारच्या. एकदा तरी लिहिलंत की रविवारी जमत नाही?"

सुकलाल वहीकडे बघत राहिला. हातावर तेलाचे काळे डाग, धुऊनही न गेलेले. "शेठ कागद पुढं करतो, आम्ही सही करतो," तो हळू म्हणाला. "आम्हाला वाटलं शाळेचा कागदही तसाच."

मला त्याचा राग आला. माझाही आला. त्या सहा चिठ्ठ्या माझ्याच चुलीपाशी वाचल्या गेल्या होत्या, आणि मी 'सही करून टाका' म्हणून भाकरी थापत राहिले होते.

तेवढ्यात योगिता पुढे आली. "सर, आम्ही सांगितलं नाही. पण तुम्हाला माहीत नव्हतं का? शुक्रवारी शाळेतपण वीज नसते. घंटा हाताने वाजवतात."

"माहीत होतं," हेडसर वैतागून म्हणाले, "पण ट्रस्टींना पंख्याशिवाय बसवत नाही! मी काय करू?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

मंगलाबाई आधी हसली. मग सगळा हॉल. ते हसणं चांगलं नव्हतं. एका माणसाच्या मानेवर वारा लागावा म्हणून सव्वाशे बापांची कामाची वेळ धरून सभा ठेवायची, आणि न येणाऱ्यांना रस नाही म्हणायचं! माझ्या हातात काही असतं तर मी फेकलं असतं. पांडुरंगानं वाचवलं, हात रिकामे होते.

"लिहा," मी म्हणाले. "नवीन शिफारस. आत्ता. इथं."

"मी ट्रस्टींना फोन करून..."

"लिहा. आम्ही बसतो. आम्हाला पंखा लागत नाही."

बाप-आया सगळे फरशीवर मांडी घालून बसले. बुवांनी हळूच नामजप सुरू केला, हेडसरांना लिहिताना ऐकू येईल इतकाच. शर्ट पाठीला चिकटला तरी त्यांनी लिहिलं. योगिताने मोठ्याने वाचलं, "पालकांच्या विनंतीवरून विज्ञान शाखा चालू ठेवावी..."

"विनंती खोडा," मी म्हणाले. "आणि लिहा, रविवारच्या सभेत सात आया हजर होत्या."

"ताई, तसं लिहायची पद्धत नाही."

"मग पद्धत आजपासून."

त्यांनी खोडलं. सात आयांची नावं विचारली आणि एकेक लिहून घेतली. माझं नाव लिहिताना विचारलं, "भागीरथी कोण? सुकलालच्या पत्नी?"

"योगिताची आई," मी म्हणाले.

जूनमध्ये ट्रस्टचं पत्र आलं. वर्ग एक वर्ष चालू राहील, पुढचं पुढे बघू. एकच वर्ष, आणि बारावीचं काय ते कुणी लिहिलं नव्हतं. योगिताने फॉर्म भरला, पहिल्या दिवशी नवी वही घेऊन गेली. सुकलाल म्हणाला, देवाची कृपा. मी त्याला म्हणाले, देवाचं नाव जरूर घ्या, पण पुन्हा शाळेत जाऊन बसायला पुढच्या एप्रिलमधला पहिला शुक्रवार आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा.